गावठाण, वाडी, पाखाडी

आमच्या सांगलीकडे गावठाण म्हणजे नकाशावरची वस्तीची जागा. प्लॉट 'गावठाणाला लागून' असला की भाव चढतो, एवढाच त्याचा मान. पण वांद्र्याचा एक मित्र 'मी गावठाणातला' असं छाती काढून सांगतो. शब्द तोच ना?

*

तोच. ठाण म्हणजे स्थान. घोडा बांधायची जागा तीही ठाण. शेतजमीन सोडून घरं जिथे, ते गावठाण. शब्द महसुली, म्हणून तर गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. वांद्र्यात रानवार, चुईम, पाली या गावांभोवतीची शेतं बिल्डिंगींनी खाल्ली. शेत गेलं, ठाण राहिलं, आणि तेच ओळख झालं: बाहेरून चढणारा लाकडी जिना, व्हरांडा, नाक्यावरचा क्रूस (त्यातले कित्येक १८९६ च्या प्लेगनंतरचे). माणसं बहुतेक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच जुने ख्रिश्चन. हे नाव त्यांनी घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे ठसवायला. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठीचीच, आणि लग्नात 'उमराचं पाणी' (विधीसाठी विहिरीचं पाणी) अजून वाजतगाजत आणतात.

*

'पाखाडी'ही घ्या यात. आम्हा राजापूरकरांची पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, पावसात हमखास आपटायची जागा. माझगावच्या माथारपाखाडीत मी पायऱ्या शोधत गेलो, तर ती निघाली अख्खी वस्ती! लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा इथलेच. फरसबंद वाटेवरून कडेच्या घरांना नाव पडलं असावं, हा आपला माझा तर्क. कळव्याला खारेगाव पाखाडी आहे, तिथेही वस्तीच.

खरी गंमत गिरगावच्या खोताच्या वाडीची. कोकणात 'खोत' (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) म्हटलं की अजून म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधेयक आणलं, कायद्याने ती गेली १९४९ मध्ये. आणि गिरगावात त्याच खोताच्या नावाच्या पाटीपुढे लोक फोटो काढतात! हा खोत म्हणजे दादोबा वामन खोत, पाठारे प्रभू. त्यांनी जागेचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. 'पोर्तुगीज गाव' म्हणून सहली नेतात ते मात्र मला पटत नाही. मुंबई १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांकडून इंग्रजांना आंदण गेली, वाडी वसली त्यानंतर शंभरेक वर्षांनी. घरांची धाटणी पोर्तुगीज वळणाची, हे कबूल.

*

वा, भरपूर मिळालं. मग एकच शंका: गावठाण मोठं झालं, तर 'गावठी' हिणकस का राहिलं?

*

राहिलंय कुठे? बाजारात गावठी अंडी मागून बघा, साध्यापेक्षा महाग पडतात.