लेओव्हिल बार्टन २०१०: डौल की नुसता तुरटपणा?

मेदोककर
फ्रान्समधल्या बोर्डोच्या सँ-ज्युलियाँ गावची ही वाईन बोर्डोच्या वाईनच्या १८५५च्या अधिकृत वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीत आहे. २०१०चा उन्हाळा कोरडा आणि रात्री थंड होत्या, त्यामुळे द्राक्षांत साखर भरूनही आम्लता टिकली. साधारण तीन चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्यॉन जातीची द्राक्षं, उरलेली बहुतेक मर्लो. नाकाला ब्लॅककरंट, देवदार, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास. जिभेवर टॅनिन, म्हणजे सालीबियांतून येणारा तुरट घटक, अजून घट्ट. डौलदार वाईन आहे, पण २०३०पूर्वी बूच काढू नये.

तुरट
आज तुरट आहे म्हणजे उद्या मऊ होईलच, हे कुणी सांगितलं? १९७५च्या बोर्डोत टॅनिन मऊ होण्याआधीच कित्येक बाटल्यांतलं फळ, म्हणजे फळाची चव, सुकून गेलं. उलट १९८२च्या वाईनला 'आम्लता कमी, टिकणार नाही' म्हणून नाकं मुरडली गेली, आणि तिच्या चांगल्या बाटल्या चाळिशीतही ताठ आहेत. डौल हवा तर शेजारची लेओव्हिल पोयफेरे बघा. एकाच जुन्या इस्टेटीचा तुकडा, पण जास्त भरीव.

मेदोककर
पोयफेरे गुबगुबीत आहे, डौलदार नाही. आणि ७५ची तुलना इथे लागू नाही. त्या साली टॅनिनच्या मानाने फळ तोकडं होतं. २०१०मध्ये दोन्ही भरपूर. टॅनिनचे रेणू रंगद्रव्यांशी जुळून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणाची धार जाते. मात्र तोवर खाली फळ शिल्लक हवं, एवढं तुमचं मान्य.

गाळ खाली
दोघंही साठवणीबद्दल गप्प! १२ ते १४ अंश, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास, बाटली आडवी, उजेड नाही. पुणे-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात बाटली ठेवून २०३०ची वाट बघण्यात अर्थ नाही. विकत घेताना बाटलीतली पातळी बघा: या वयाला वाईन मानेपर्यंत हवी, खांद्याच्या मध्याशी उतरली असेल तर सोडून द्या. बूच वर सरकलेलं किंवा कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टनाखाली) चिकट ओघळ असेल तर उष्णता लागली आहे.
आत्ताच उघडायची असेल तर आदल्या दिवशी उभी करा, दोन-तीन तास डिकँट करा (दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू द्या), १७ अंशांच्या आसपास वाढा. तीस अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात जातं. आधी पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली तरी फरक कळतो. ८२सारखी जुनी बाटली मात्र इतका वेळ हवेवर ठेवू नका. ती वाढायच्या वेळीच, मानेखाली टॉर्च धरून ओता आणि गाळ दिसताच थांबा.

तुरट
आणि सोबत तांबडा रस्सा नको, तिखटाने टॅनिन आणखी बोचतं. भाजलेलं, चरबीचं मटण, मीठ-मिरी इतकंच. तसं वाढलंत तर २०३०पर्यंत थांबायची गरज नाही, असं अजूनही म्हणेन.

मेदोककर
मटणाने तुरटपणा झाकला जाईल, पण देवदाराच्या पुढचे चामड्याचे, तंबाखूचे वास आज येणार नाहीत. सहा बाटल्यांची पेटी असेल तर एक आत्ता, पाच नंतर. एकच असेल तर हात लावू नका.