क्लस्टर : समूह, गुच्छ की आणखी काही?

वाटसरू : अनुवाद करतेय. दीर्घिकांच्या (गॅलक्सींच्या) क्लस्टरमधला तप्त वायू आणि विश्वभर पसरलेलं सूक्ष्मतरंग प्रारण (मायक्रोवेव्ह रेडिएशन) यांवरून विश्वाचा इतिहास कसा उलगडतात, असा लेख आहे. मी 'दीर्घिकासमूह' लिहिलं, संपादकांनी 'दीर्घिकागुच्छ' केलं. पुढे या प्रारणावर पडलेली 'क्लस्टरची सावली' येते. गुच्छाची सावली कानाला खटकते. काय करू?

मूलकण : संपादकांचं बरोबर आहे. 'समूह' आधीच अडकलाय. आपली आकाशगंगा, शेजारची देवयानी दीर्घिका वगैरे मिळून 'स्थानिक समूह', त्यात मोठ्या दीर्घिका दोन-तीनच. कन्या राशीतल्या क्लस्टरमध्ये हजाराच्या वर. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

शब्दवेल्हाळ : गुच्छ म्हटलं की देठ आला. कृत्तिकांना 'तारकागुच्छ' शोभतं, इथे 'थवा' म्हणा. मुळात 'दीर्घिका' म्हणजे संस्कृतात लांबट तळं! त्यापेक्षा सरळ 'आकाशगंगा' काय वाईट?

मूलकण : आकाशगंगा हे आपल्या एकाच दीर्घिकेचं नाव आहे, ते तिच्याकडेच राहू द्या. आणि थवा पांगतो, हे पांगत नाहीत. 1933 साली खगोलशास्त्रज्ञ झ्विकींनी कोमा क्लस्टरमधल्या दीर्घिकांचे वेग तपासले, तर दिसणारं वस्तुमान त्यांना धरून ठेवायला फारच अपुरं. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याचा, माग तिथूनच लागला.

रेडिओवेडा : गुच्छ ठेवा, 'सावली' खोडा. प्रारण अडतच नाही. वायूचं तापमान कोट्यवधी अंश. त्यातले इलेक्ट्रॉन 2.7 केल्व्हिनच्या प्रारणातल्या शंभरातल्या जेमतेम एखाद्या फोटॉनला (प्रकाशकणाला) धक्का देऊन त्याची ऊर्जा वाढवतात. त्यामुळे साधारण 217 गिगाहर्ट्‌झच्या खाली तो भाग मंद दिसतो आणि वर उजळ. हाच सुन्याएव-झेल्डोविच परिणाम. तो अंतराबरोबर फिका पडत नाही, म्हणून तर दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीला अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्लस्टरही सापडतात.

शब्दवेल्हाळ : मग 'झाकोळ' घ्या! किती सुंदर शब्द.

रेडिओवेडा : उजळणारा झाकोळ?

आडवाट : 'प्रारण' तरी कुणाला कळतं? वर्तमानपत्रं 'किरणोत्सर्ग' लिहितात. सरळ क्लस्टर, रेडिएशन लिहा.

मूलकण : 'किरणोत्सर्ग' वाचला की लोकांना अणुभट्टी आठवते. विश्वकोशानं 'प्रारण' दिलाय, तो आपणच टाळला तर रुळणार कसा?

आडवाट : वाचकानं लेख अर्ध्यावर सोडला, तर शब्द रुळून उपयोग काय? आणि हे प्रारण चहूकडून येतं, मग 'पार्श्वभूमी प्रारण' तरी का म्हणायचं?

रेडिओवेडा : इथे तो शब्द अगदी चपखल आहे. ते गुच्छाच्या मागून येतं, त्याच्यातून आरपार जातं, म्हणूनच गुच्छाचा ठसा त्यावर उमटतो.

शब्दवेल्हाळ : 'ठसा'! सावलीपेक्षा हाच बरा.

वाटसरू : ठसा घेते. पण क्लस्टरचं काय?

आडवाट : क्लस्टरच.

मूलकण : गुच्छ.