ओठांभोवतीच्या मुंग्या आणि श्वास
ताई, एमआरआय नॉर्मल आला तरी गालाला आणि ओठांभोवती मुंग्या येतातच, आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, असं तुम्ही लिहिलंय. काळजीमुळे होतंय म्हणजे तुमचा त्रास खोटा आहे असं मुळीच नाही, हे आधी सांगते.

काळजीत आपण नकळत भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा चाळवतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना ते आधी जाणवतं. इथे इंदूरला रामबागेत माझ्या वन्सं राहतात. त्या बोलता बोलता सारखा सुस्कारा टाकायच्या. एकदा तर बोटं आखडून हाताची अगदी चोच झाली, घरचे घाबरले. शेजारी बसून त्यांच्याबरोबर सावकाश, लांब श्वास सोडत राहिलो, तशी बोटं हळूहळू सुटली. (कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नका, ऑक्सिजन कमी पडू शकतो.)

पण सगळंच काळजीवर ढकलू नका. बी१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी मुंग्या येतात, ते तपासलंय का? शाकाहारी असाल, किंवा डायबेटीससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर नक्की बघा. कॅल्शियमही बघून घ्या. आणि तोंड अचानक वाकडं झालं, हातातला जोर गेला किंवा बोलणं अडखळलं, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा.

रात्री जीव फार घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.