लडाखमधलं हे निळं फूल कोणतं?

भटक्या: जूनमध्ये लेहला गेलो होतो. सिंधूकाठच्या कुरणात, पाटाच्या कडेने चिवट, अरुंद पात्यांचे झुबके आणि त्यांत फिकट निळी फुलं. पाकळ्यांवर गडद रेघा. गायी आजूबाजूचं गवत फस्त करत होत्या, याला मात्र तोंड लावत नव्हत्या. ओळखेल का कुणी?

पानफुटी: आयरिसच. खाली झुकलेल्या पाकळ्यांवर केसांची पट्टी दिसते का?

भटक्या: झूम करून पाहिलं. गुळगुळीत आहेत.

पानफुटी: मग आयरिस लॅक्टिया. खारवट, ओलसर माती हिला मानवते, मुळं खोल जातात. केसाळ असती तर आयरिसचीच दुसरी जात, हुकेरियाना, म्हटलं असतं. ती काश्मीर-लाहौलच्या उतारांवर, पानंही रुंद.

कुंडीवाली: कंद उपटून आणला नाहीत ना? पुण्यात कसली आलीय तसली थंडी!

भटक्या: नाही हो, फक्त फोटो.