मदत हवी आहे: मुलामा दिलेल्या कापडात माणूस थर्मल कॅमेऱ्यात काळा का दिसतो?

वस्त्रअभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प सैनिकी गणवेश आणि थर्मल कॅमेऱ्यावर. एका ठिकाणी घोडं अडलंय, जाणकारांनी वाट दाखवावी.

अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचा ०.७ ते १ मायक्रोमीटर तरंगलांबीचा भाग समजला. नाइट व्हिजन दुर्बीण परावर्तित उजेड बघते, त्यामुळे पानांसारखं परावर्तन देणारे रंग वापरले की गणवेश झाडीत मिसळतो. पण थर्मल कॅमेरा बघतो त्या ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये रंगाला काही किंमत नाही. हिरवं असो की खाकी, सुती कापडाची उत्सर्जकता (स्वतः उष्णतेचे किरण टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ च्या आसपासच. तिथे अंगच दिवा होतं.

मित्राला संध्याकाळी उन्हाने तापलेल्या भिंतीपुढे उभं केलं. सुती सदऱ्यात तो स्पष्ट दिसला. जाड जाकिटात धड भिंतीत जवळजवळ विरलं, पण चेहरा आणि मनगटं झळकत राहिली. जागच्या जागी दहा मिनिटं पळायला लावल्यावर गळा आणि जाकिटाच्या चेनची रेघही उजळली. मग अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेलं कापड पांघरलं, तर तो चक्क काळाकुट्ट! आकृती सदऱ्यापेक्षा ठसठशीत. माझं मोजमाप चुकलं का?

दुसरी अडचण जास्त छळतेय. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता टाकतो, ओझं घेऊन चालताना त्याच्या कित्येक पट. ती आत कोंडली तर जवान उष्माघाताने कोसळेल. मग थर किती जाड घ्यायचा?

प्रतिसाद
मोजमाप बरोबर आहे. उत्सर्जकता घटली की परावर्तन वाढतं. ते कापड अवरक्तात आरसा झालं आणि तुम्हाला त्यात आकाश दिसलं. निरभ्र आकाश या पट्ट्यात फार थंड असतं. खांदे सर्वांत काळे होते ना? ढगाळ संध्याकाळी पुन्हा बघा, फरक बराच कमी येईल. कॅमेऱ्यापुढे थंड दिसणं कामाचं नाही, पार्श्वभूमीइतकंच दिसायला हवं. उष्णतेचं म्हणाल तर जाडी वाढवू नका. बाहेरचा थर अंगापासून सुटा ठेवा, मध्ये हवा खेळू द्या. फक्त ती गरम हवा कुठून बाहेर पडते, तेही कॅमेऱ्याने तपासा.

धागाकर्ती
हो, खांदेच सर्वांत काळे होते! मनापासून आभार. आता एकच: पळून झाल्यावर सदऱ्याची घामाने भिजलेली पाठ कोरड्या बाहीपेक्षा थंड दिसली. ते बाष्पीभवनामुळे हे कळतं, पण ओलं कापड चाचणीत वेगळा नमुना म्हणून धरावं का?