पडूकाचं क्विल्ट प्रदर्शन: बॅगेत काय घ्यायचं?

प्रेषक: चेस्टरफील्डची वहिनी

मंडळी नमस्कार,

एप्रिलअखेर सेंट लुईसहून केंटकीतल्या पडूकाला क्विल्टांच्या, म्हणजे तिकडच्या गोधड्यांच्या, प्रदर्शनाला निघणाऱ्या गाड्यांत आमच्या घरून मी आणि सासूबाई आहोत. त्या नुकत्याच साताऱ्याहून आल्यात. दोन रात्रींसाठी काय काय घ्यावं, हे आधी जाऊन आलेल्यांपैकी कोणी सांगेल का? माझी यादी रोज वाढतेय.

दुसरं म्हणजे, नातवासाठी त्यांनी स्वतः शिवलेली वाकळ आणलीय. ती "तिथल्या बायकांना दाखवायची" म्हणून आत्तापासूनच बॅगेत जाऊन बसलीय, आणि तिच्यापुढे टूथब्रशलासुद्धा जागा नाही. न्यायची का? आमचे हे विचारतायत, गोधड्या बघायला अडीच-तीन तास गाडी कशाला हाकायची, घरात काय कमी आहेत?

– वहिनी

प्रेषक: सहलीची ताई

वहिनी,

आधी भावोजींचं बघू. केंटकीतलं हे गाव जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचं, आणि त्या आठवड्यात जवळपास तितकीच माणसं बाहेरून येऊन थडकतात. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीनं 1985 साली तिथं पहिलं प्रदर्शन भरवलं. 1991 मध्ये म्युझियम उघडलं, तेच आजचं नॅशनल क्विल्ट म्युझियम. 2013 मध्ये युनेस्कोनं हस्तकला आणि लोककलेसाठी पडूकाला आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. थोडक्यात, भावोजी नाही आले तरी गर्दी कमी पडणार नाही.

माझं मत विचाराल तर म्युझियम पहिल्या दिवशी सकाळीच उरका. प्रदर्शनाच्या दालनात दुकानं असतात, आणि एकदा कापड दिसायला लागलं की डोळे क्विल्टवर ठरत नाहीत. म्युझियमच्या संग्रहात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांचं सूर्यग्रहणाचं क्विल्ट आहे. तेव्हा भिंतीवर लावलेलं असेल तर चुकवू नका. त्याला 1989 साली इथल्या प्रदर्शनात सर्वोत्तमचा मान मिळाला. मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. गंमत म्हणजे खरंखुरं खग्रास ग्रहणसुद्धा 2017 आणि 2024 असं दोनदा याच गावावरून गेलं.

आता बॅग. ही सहल पायांची आहे. सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभं राहायचंय, त्यामुळे नवे बूट अजिबात नकोत, वापरून मळलेलेच आणा. एप्रिलात तिकडं पाऊस कधीही येतो, आणि आत एसी असा की डिसेंबरातलं महाबळेश्वर आठवावं. पातळ कपडे एकावर एक चढवा, वर एक स्वेटर. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, कारण गर्दीत छत्रीची काडी कोणाच्या तरी क्विल्टला लागली तर परतीच्या गाडीत तुम्हाला कोणी बसवून घेणार नाही. खांद्याची पर्स छोटी, आडवी अडकवायची.

कपडे निम्मे करा. जागा येतानासाठी लागते. क्विल्टचं सुती कापड साधारण 44 इंच पन्ह्याचं, एक यार्ड म्हणजे अंदाजे दीडशे ग्रॅम. दहा यार्ड घेतलं की दीड किलो झालं, आणि पडूकातल्या हॅन्कॉक्सच्या कापड दुकानात शिरून दहा यार्डांवर थांबलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. पाव यार्डाचे 18 बाय 22 इंचांचे तुकडे, म्हणजे फॅट क्वार्टर, जास्त फसवे. चिमूटभर वाटतात आणि घरी येऊन मोजावेत तर दोन रजया. घरी जे काम अर्धवट पडलंय त्याच्या कापडाचा एक बोटभर तुकडा मात्र पाकिटात ठेवाच. मोबाइलमधल्या फोटोवर रंग जुळवायला जाऊ नका. दालनातल्या दिव्यांखाली तो भलताच दिसतो. दशम्या-चटणी गाडीतच संपवायची. तेलकट बोटांनी आत यायचं नाही.

वाकळ जरूर आणा. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि हवा काढून चपटी करायच्या पिशवीत तर मुळीच नको. जुन्या सुती अभ्र्यात घाला. बरोबर मध्यावर घडी घालू नका, दरवेळी त्याच रेषेवर दुमडलं की तिथलंच कापड आधी विरतं. तीन भागांत घाला आणि घडीच्या आत टॉवेलची गुंडाळी ठेवा. वाकळीत जुनी लुगडी असतील तर हे पाळाच. भिंतीवर ती लागणार नाही. स्पर्धेची क्विल्टं परीक्षकांनी काही महिने आधी निवडलेली असतात. पण हॉटेलच्या लॉबीत, नाश्त्याच्या टेबलावर पसरा, बघा किती जणी जमतात. दालनात नेऊ नका. शेकडो गोधड्यांमध्ये गोधडी घेऊन शिरणं आणि तीच काखेत मारून बाहेर पडणं मला तरी धाडसाचं वाटतं.

एक सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा: टांगलेल्या क्विल्टला हात लावायचा नाही. मागची बाजू बघायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात, त्यांना सांगायचं. त्या कोपरा उलटून दाखवतात. लाजू नका, खरी शिवण मागेच कळते.

– ताई

प्रेषक: बॅलविनचे काका

मी चालवणार ती गाडी सात जणांची. सातवी सीट उघडली की डिकीत एक दप्तर मावतं, हे लक्षात घ्या. मागच्या खेपेला जाताना डिकी अर्धी रिकामी होती आणि येताना कापडाची पोती आमच्या मांडीवर होती. म्हणून सूचना: माणशी एक मऊ बॅग, चाकांच्या कडक बॅगा नकोत. दाबून बसवता येत नाहीत.

ज्या पुरुषांना क्विल्टमध्ये रस नाही त्यांच्यासाठी: ओहायो नदी ओलांडली की इलिनॉयमध्ये मेट्रोपोलिस नावाचं गाव आहे, तिथं चौकात सुपरमॅनचा मोठा पुतळा आहे. आपली हॉटेलं तिकडेच आहेत, कारण पडूकातल्या खोल्या कधीच गेल्या. शिवाय पडूकाच्या पूरभिंतीवर गावाचा इतिहास चितारलाय. 1937 च्या महापुरात जवळजवळ सगळं गाव बुडालं होतं, त्यानंतरची ती भिंत. निवांत तासभर जातो. चहाची सोय मात्र आपली आपण, थर्मास आणणे.

आणखी एक. तिथं क्विल्टची किंमत ठरवून लेखी देणारे प्रमाणित मूल्यमापक असतात. वेळ आधी घ्यावी लागते, फी पडते. वाकळीची करून घ्यायची का?

– काका

प्रेषक: न्यू जर्सीहून येणारी

मी नॅशव्हिलपर्यंत विमानानं येतेय, तिथून पुढे गाडीनं, त्यामुळे माझी अडचण वेगळी. माझ्यासारख्या कोणी असतील तर सांगते: सुया हातातल्या बॅगेत चालतात, चार इंचांपेक्षा छोट्या पात्याची कात्रीही चालते. कापड कापायचं ते गोल पात्याचं रोटरी कटर मात्र चेक-इन बॅगेतच टाका. नाहीतर सिक्युरिटीवाले ते काढून ठेवतात आणि रांगेतले सगळे तुमच्याकडे संशयानं बघतात.

वाकळ विमानानं आणणारी कोणी असेल तर ती हातात ठेवा. माझी बॅग एका प्रवासात तीन दिवस उशिरा आली होती. तेव्हा आत फक्त ड्रेस होते म्हणून निभावलं.

वहिनी, सासूबाई कडेनं सुरुवात करून आत आत टाके घालत जातात का? विचारतेय अशासाठी की उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका तशाच शिवतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली छोटी फुलं लावतात. इथं अमेरिकेत हल्ली कवंदीचे वर्ग चालतात, मीही एक केला, पैसे भरून. आमच्या आजीनं ते फुकट शिकवलं असतं, पण तेव्हा मला बसायचं नव्हतं.

– न्यू जर्सी

प्रेषक: चेस्टरफील्डची वहिनी

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना सगळ्या मेल्स वाचून दाखवल्या. उत्तरं त्यांच्याच शब्दांत:

कडेनंच सुरू करतात. "मधून सुरू केलं तर कापड पळतं."

किंमत करायची नाही. "तिच्यात माझं लग्नातलं लुगडं हाय, त्याची किंमत तो परका माणूस काय करणार?" काका, तेव्हा वेळ घेऊ नका. (मला स्वतःला कागदावर आकडा असलेला आवडला असता, विम्याला उपयोगी पडतो. पण घरात माझं चालत नाही.)

अभ्रा, टॉवेल आणि तीन घड्या मान्य. त्यासाठी माझे दोन ड्रेस बॅगेबाहेर गेले, तेही मान्य.

हात लावायचा नाही, हे मात्र अजून मान्य नाही. "हात न लावता टाका कसा कळणार?" असं म्हणतायत. हातमोजेवालीचं सांगितल्यावर म्हणाल्या, मग तिलाच माझ्यासंगट फिरवा दिवसभर. ताई, आत शिरल्यावर त्यांच्या उजव्या हाताची जबाबदारी तुम्ही घ्याल का? डावा मी धरते.

काका, आमच्या ह्यांचीही एक सीट धरा. सुपरमॅनचं वाचलं त्यांनी.

– वहिनी