३-एस बॅटरी लावल्यावर स्पर गिअरचे दात तुटतात

प्रश्न : माझ्या रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या १/१० प्रमाणाच्या ब्रशलेस (ब्रश नसलेल्या मोटरच्या) ऑफ-रोड ट्रकमध्ये ७.४ व्होल्टच्या २-एस (दोन सेलच्या) बॅटरीऐवजी ११.१ व्होल्टची ३-एस (तीन सेलची) लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बसवल्यापासून मोटर फार तापते आणि दोन स्पर गिअर (मोटरवरच्या लहान गिअरने फिरणारे मोठे दातेरी चाक) निकामी झाले आहेत. स्टीलचा स्पर गिअर घ्यावा का?

उत्तर १ : कृपया घाई करू नका. स्पर टिकला, तर तोच धक्का पुढे डिफरन्शियलपर्यंत (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांपर्यंत) पोहोचेल आणि ते उघडून दुरुस्त करणे कितीतरी कष्टाचे आहे. व्होल्टेज दीडपट झाल्याने मोटरचे फेरेही जवळपास दीडपट होतात, म्हणून आधी दोन-तीन दात कमी असलेला पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर) लावा. तो जुळवताना दोन्ही गिअरांमध्ये कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळा आणि मग पट्टी काढून घ्या. तेवढी फट पुरते. स्लिपर क्लच (जास्त धक्का बसल्यास घसरून गिअर वाचवणारा क्लच) पूर्ण आवळलेला असेल, तर उडीनंतर चाके जमिनीला टेकताना बसणारा हिसका थेट दातांवर येतो.

उत्तर २ : ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) ३-एससाठी योग्य आहे, याचीही खात्री करा आणि त्याचा कट-ऑफ (बॅटरीचे व्होल्टेज फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) लायपोवरच ठेवा.

प्रश्नकर्ता : स्लिपर क्लच खरोखरच पूर्ण आवळलेला निघाला. तो थोडा सैल केला असून लहान पिनियन मागवतो आहे.